आफ्रिकेतील एक गोमंतकीय वार्ताहर

पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला शापोरा नदीच्या उत्तर तीरावर आहे. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातील हा किल्ला ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्या विजयाबद्दल लिस्बनच्या राजाने त्याला हळर्णचा मार्क्विस ही पदवी बहाल केली. पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला तो पुढे १७८८ मध्ये. परंतु हळर्ण पडले त्या वर्षी आफ्रिकेतील मोझांबिकचा कारभारही गोव्याहूनच चालत असे. ही व्यवस्था १७५२ पर्यंत टिकली. हळर्ण आणि मोझांबिक यांची नावे एका दप्तरात नांदत होती, ही गोष्ट आमच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते. तिचे स्मरण आम्हांस झाले ते आक्विनो द ब्रागांझा या गोमंतकीय पत्रकाराच्या चरित्राचा विचार करताना.

आक्विनो द ब्रागांझा यांचा जन्म ६ एप्रिल १९२४ रोजी बार्देशात झाला. ते सहा वर्षांचे असताना सालाझारने वसाहतींचा कायदा जारी केला आणि गोमंतकीयांचे दुय्यम स्थान लेखी झाले. त्या कायद्याविरुद्ध लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात उठविलेला आवाज आमच्या वाचकांस परिचित आहेच. पोटापाण्यासाठी मुंबई अथवा आफ्रिका गाठावी, ही त्या काळच्या गोमंतकीय तरुणाची रीतच होती. आक्विनो मोझांबिकला गेले. तेथे गोरा अधिकारी वर, काळा मजूर खाली आणि मधल्या पायरीवर गोव्याचा कारकून, अशी उतरंड होती. मधली पायरी सोयीची असते. तीवर बसून आयुष्य काढणारे पुष्कळ होते. आक्विनो तेथे रमले नाहीत. पोर्तुगालमार्गे ते फ्रान्सला गेले.

पॅरिसमध्ये त्यांची गाठ पोर्तुगीज वसाहतींतून आलेल्या तरुणांशी पडली. अंगोलाचे मारियु द आंद्राद आणि मोझांबिकचे मार्सेलिनु दुश सांतुश हे त्यांतील प्रमुख. गोवा, अंगोला, मोझांबिक आणि गिनी यांचे दुखणे वेगवेगळे नाही, ही जाणीव या सहवासातून पक्की झाली. पुढे ते मोरोक्कोस गेले. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली आणि तिच्यातून या सर्वांची संयुक्त संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत आक्विनो होते आणि गोव्याच्या संघटनांनाही तीत स्थान होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवी दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींच्या प्रश्नावर परिसंवाद झाला आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

येथे एखाद्याचे कार्य संपले असते. जन्मभूमी स्वतंत्र झाली होती, परतण्यास वाट मोकळी होती. आक्विनो मात्र नव्याने स्वतंत्र झालेल्या अल्जीरियात गेले आणि तेथे पूर्ण वेळ पत्रकार झाले. साठीच्या दशकातील अल्जीअर्स हे आफ्रिकेच्या मुक्तिलढ्यांचे माहेरघर होते. फ्रेलिमो या मोझांबिकी संघटनेच्या पहिल्या सैनिकांनी युद्धशिक्षण घेतले तेही अल्जीरियातच. या शहरातून आक्विनो यांनी आफ्रिकेच्या लढ्यांविषयी फ्रेंच भाषेत विपुल लेखन केले. ‘आफ्रिक-आझी’ या नियतकालिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. आमिल्कार काब्राल, समोरा माशेल यांसारखे नेते त्यांचे स्नेही होते. पुढे काब्रालवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि इमॅन्युएल वॉलरस्टीन या विद्वानाच्या सहकार्याने आफ्रिकी मुक्तिलढ्यांच्या मूळ दस्तऐवजांचे तीन खंड सिद्ध केले. ते १९८२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पत्रकाराचे लेखन दुसऱ्या दिवशी शिळे होते असे म्हणतात. या वार्ताहराने इतिहासकारांना पुरेल एवढी साधनसामग्री मागे ठेवली.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्कराने जुनी राजवट उलथविली. नव्या सत्ताधाऱ्यांच्या मनात काय आहे, वसाहती खरोखरच सोडावयाच्या आहेत की नाव बदलून ठेवावयाच्या आहेत, हे फ्रेलिमोला जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी माशेल यांनी आक्विनो यांना लिस्बनला पाठविले. तरुण लष्करी अधिकाऱ्यांशी बोलून त्यांनी जो अंदाज बांधला, तो पुढील वाटाघाटींस उपयोगी पडला. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका येथे करार झाला आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले.

स्वतंत्र देशात ते अध्यक्षांचे सल्लागार राहिले. पण मंत्रिपद किंवा वकिलात त्यांनी घेतली नाही. मापुतोच्या एदुआर्दु मोंदलान विद्यापीठात १९७६ मध्ये त्यांनी आफ्रिकाविषयक अभ्यासकेंद्र उभारले. खाणींत राबणाऱ्या मजुरांचे जीवन, शेतकऱ्यांची स्थिती, शेजारच्या वर्णद्वेषी राजवटीचे अर्थकारण हे तेथील संशोधनाचे विषय होते. त्या राजवटीस हे केंद्र सलू लागले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी टपालातून आलेल्या बाँबने केंद्रातील संशोधिका व पत्रकार रूथ फर्स्ट ठार झाल्या. त्याच खोलीत असलेले आक्विनो जखमी झाले आणि त्यांच्या श्रवणशक्तीस कायमची इजा पोहोचली. बाँब पाठविणारे हात दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचे होते, हे पुढे सत्य आणि सलोखा आयोगापुढे उघड झाले.

सत्तेच्या इतक्या जवळ वावरणारा पत्रकार पत्रकार उरतो काय, असा प्रश्न येथे रास्त आहे. फ्रेलिमोची राजवट एकपक्षीय होती. तिच्या पुनर्शिक्षण छावण्यांत अनेकांचे हाल झाले, हे नाकारता येणार नाही. आक्विनो हे या पक्षाचे मित्र होते आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. तथापि १९८६ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, त्यांनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने फ्रेलिमोच्या इतिहासाचे गौरवीकरण पुरे झाले, आता त्याची चिकित्सा हवी, अशी भूमिका मांडली. त्याच सुमारास दुसऱ्या एका निबंधात त्यांनी विचारले, की स्वातंत्र्य मिळाले तरी वसाहतवाद गेला काय? ज्या लढ्यासाठी आयुष्य वेचले त्यालाच हा प्रश्न विचारणे विरोधकाला सोपे, स्नेह्याला फार कठीण असते.

त्यानंतर त्यांना अवधी मिळाला नाही. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी झांबियातील बैठक आटोपून परतणारे अध्यक्ष माशेल यांचे विमान रात्री दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या टेकड्यांवर कोसळले. माशेल यांच्यासह तीसहून अधिक जण गेले, त्यांत आक्विनोही होते. अपघात की घातपात, याचा निर्णायक उलगडा १९९८ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगासही करता आला नाही.

आमच्या शाळांत मुक्तिसंग्रामाचा इतिहास शिकविला जातो. तो पत्रादेवीला सुरू होतो आणि १९ डिसेंबर १९६१ ला पणजीत संपतो. पत्रादेवीच्या हुतात्म्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु ज्या साम्राज्याशी ते लढले ते पत्रादेवीच्या सीमेवर संपत नव्हते. त्याच साम्राज्याशी दूरच्या खंडात झुंजणारा बार्देशचा एक पुत्र आमच्या मराठी वाचकास जवळजवळ अनोळखी राहिला, त्याचे कारण तो कोणत्या धर्माचा होता किंवा कोणत्या भाषेत लिहीत होता हे असेल, तर ती आम्हांस लाज आणणारी गोष्ट आहे.

त्यांनी मोझांबिकसाठी मांडलेला प्रश्न गोव्यालाही लागू आहे. झेंडा उतरला, पण जमिनीची मालकी, दप्तरातील भाषा, अधिकाऱ्यापुढे वाकण्याची सवय यांतून साम्राज्य कितपत उतरले? हळर्णच्या शेतात कसणाऱ्या माणसास हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आमचे काम आहे, आणि ते शोधताना आक्विनो द ब्रागांझा यांचे नाव आमच्या मुलांना ठाऊक असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.