तीनशे होनांची फिरंग

गेल्या गौरी-गणपतीत माझा भाचा महाडला आला आणि जेवणे आटोपताच मला ओटीवर बोलावून एक छायाचित्र दाखवू लागला. छायाचित्र एका जुन्या परदेशी पिस्तुलाचे होते. काळेभोर पोलाद, लाकडी मूठ, नळीवर नाजूक नक्षी. भाचा पोलादपूरला बांधकामाची कंत्राटे घेतो. मजुरीची रोकड घेऊन त्याला कधी कधी रात्री आंबेनळी घाटातून जावे लागते. दोन वर्षांपूर्वी घाटात दोघांनी त्याची गाडी अडवून पैसे काढून घेतले. तेव्हापासून तो परवान्याच्या मागे होता, आणि आता परवाना हाती आला होता. प्रश्न उरला होता तो हत्यार कोणते घ्यायचे याचा. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले साधे रिव्हॉल्व्हर, की त्याच्या कितीतरी पट किमतीचे हे परदेशी पिस्तूल? दुसऱ्यासाठी त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नावावरचा भाताचा तुकडा विकावा लागणार होता.

सही करण्यापूर्वी दादाला विचारून ये, असे बहिणीने त्याला बजावले होते. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. पिस्तुलातले मला काय कळणार? पण भाच्याने माझाच धडा माझ्यासमोर ठेवला. शिवाजी महाराजांनीही परदेशी तलवार भारी किंमत मोजून घेतली होती, हे मामा, तुम्हीच मला लहानपणी सांगितले होते ना, असे तो म्हणाला. यावर मला एकदम उत्तर सुचले नाही. मी त्याच्याकडे आठ दिवस मागून घेतले आणि महाराजांचे चरित्र त्या एका प्रश्नासाठी पुन्हा उघडले.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या या पुरुषाच्या हाती सुरुवातीला होती ती पुण्याची उजाड झालेली जहागीर. मावळचा मुलूख डोंगराळ, शेती थोडी, वसूल त्याहून थोडा. समोर विजापूर आणि दिल्ली. त्यांच्याकडे हत्ती, तोफा, परदेशी गोलंदाज आणि भरलेले खजिने. अशा माणसाला प्रत्येक होन दोनदा मोजूनच खर्चावा लागतो. १६५६ च्या जानेवारीत त्यांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरीचा डोंगर. तोच पुढे रायगड झाला. जावळीबरोबर त्यांच्या पदरी आली ती माणसे. आपल्या महाड तालुक्यातल्या किंजळोलीचे मुरारबाजी देशपांडे आधी मोऱ्यांच्या चाकरीत होते. महाराजांनी त्यांना वैरी म्हणून टाकून न देता आपलेसे केले.

आता त्या तलवारीची गोष्ट. कोकणात फिरत असताना महाराजांनी गोवलेकर सावंतांकडून एक फिरंग घेतली आणि तिच्यापोटी ३०० होन दिले, अशी हकिकत बखरीत येते. भवानी ती हीच, असे अनेक जण मानतात. देवीनेच तलवार दिली, ही लोकांची श्रद्धाही तितकीच जुनी आहे. फिरंग म्हणजे युरोपात घडलेले, बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेले लांब, सरळ पाते. स्पेनमधील तोलेदो, जर्मनीतील सोलिंगन ही अशा पात्यांची नावाजलेली गावे. ही पाती वजनाने बेताची, लांब आणि लवचीक असत. वाकवले तरी चांगले पाते पुन्हा सरळ होई. त्यावर मूठ मात्र आपल्याकडचे कारागीर आपल्या हाताच्या ठेवणीप्रमाणे चढवीत.

३०० होन म्हणजे किती? सभासद बखरीत पगारांचे जे आकडे आहेत, त्यांत पायदळाच्या जुमलेदाराला वर्षाला १०० होन मिळत. जुमलेदार म्हणजे शंभरावर माणसांचा नायक. त्याचा तीन वर्षांचा पगार एका तलवारीला! हा हिशेब मांडताना मलाच क्षणभर भाच्याची बाजू पटू लागली. महाराज कंजूष नव्हते. जी वस्तू आपल्याकडे तशी होत नाही आणि जी हाती धरून आपल्याला रणात उतरायचे आहे, तिची योग्य ती किंमत त्यांनी मोजली. पण ज्या हातासाठी ती घेतली, तो हात लहानपणापासून पट्टा, तलवार आणि भाला यांवर तयार झालेला होता. हे भाच्याला सांगताना मी तेव्हा विसरलो होतो.

पुढचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की प्रतापगड लागतो. त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. त्या दिवशी महाराजांच्या उपयोगी काय पडले, हे ओळीने पाहण्यासारखे आहे. अंगरख्याखाली चिलखत होते आणि डोक्याला जिरेटोपाखाली संरक्षण होते. खानाचा वार चिलखतावरून निसटला. हाती होती ती वाघनखे आणि बिचवा, म्हणजे कोणताही चांगला लोहार घडवू शकेल अशी लहान हत्यारे. त्यानंतर सय्यद बंडा तलवार उगारून धावला, तेव्हा मध्ये पडला तो जिवा महाला. आणि या सगळ्याच्या मागे, जावळीच्या रानात दबा धरून बसलेले मावळे आणि इशारतीच्या तोफेची वाट पाहणारे सरदार होते. किमती तलवार त्या दिवशी असेल, नसेल. तिच्यावाचून काही अडले नाही. चिलखत, तयारी आणि शेजारचा माणूस यांतले एक जरी नसते, तरी पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

तरीही भारी शस्त्राला हसण्याचे कारण नाही. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर आले. त्यांनी अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली या थोर तोफा मोठ्या कष्टाने डोंगरावर चढवल्या. त्या तोफांनी वज्रगडाचा बुरूज ढासळवला आणि एप्रिलच्या मध्यावर वज्रगड पडला. पुरंदरच्या लढाईत किंजळोलीचे मुरारबाजी निवडक माणसे घेऊन दिलेरखानाच्या छावणीवर तुटून पडले. त्यांचा पराक्रम पाहून खानाने त्यांना कौल देऊ केला. तो त्यांनी धुडकावला आणि तिथेच देह ठेवला. जूनमध्ये तह झाला आणि महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. पैसा ओतून उभ्या केलेल्या तोफखान्याने आपले काम चोख केले, हे कबूल करायलाच हवे. मात्र त्या तोफा विशिष्ट कामासाठी आणल्या होत्या. मिरवायला नव्हे.

किल्ले गेले, ते पुन्हा घेण्याची वेळ आली १६७० मध्ये. आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारीच्या रात्री सिंहगडावर चढले. गडाचा किल्लेदार उदेभान आणि तानाजी यांची गाठ पडली. त्या झटापटीत तानाजींची ढाल तुटली, असे सभासद सांगतो. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही पडले आणि सूर्याजींनी गड राखला. उमरठला तानाजींची समाधी आहे. ढाल साधी होती म्हणून तुटली की भारी असूनही तुटली, याचा विचार तिथे उभे राहिल्यावर मनात येत नाही. ढाल कधी ना कधी तुटतेच. त्यानंतर काय करायचे हे ज्याला कळते, तो तानाजी.

महाराज आपला पैसा कुठे घालीत, हे पाहायचे तर रायगडावरच जायला हवे. किल्ले, तळी, टाकी, धान्याची कोठारे, पागा, आरमार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. स्वारीवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यात मात्र सोन्याला हात आखडला नाही, कारण तिथे राज्याची प्रतिष्ठा जगाला दाखवायची होती. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर होता. याच इंग्रजांपैकी राजापूरकरांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली होती. परक्याकडून हत्यार घ्यावे, पण त्याच्या मर्जीवर राहू नये, हा धडा महाराजांनी तेव्हाच घेतला होता. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचे निधन झाले. वय अवघे ५०.

आठ दिवसांनी भाचा आला, तेव्हा मी त्याला आधी पिस्तुलाविषयीच चार गोष्टी विचारल्या आणि त्याच्याच उत्तरांतून चित्र स्पष्ट झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल मागवता येत नाही. त्यामुळे आधी देशात आलेलीच हत्यारे हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव चढत राहतात. म्हणजे त्या लाखांतला मोठा वाटा पोलादाचा नसून टंचाईचा. सुटा भाग मोडला तर तो मिळणे कठीण. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा लिहिलेली, त्यामुळे सरावही मोजकाच. निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागण्याची शक्यता. राहिला प्रश्न नेमबाजीचा. हाताने घडवलेले भारी पिस्तूल स्पर्धेतल्या कसलेल्या नेमबाजाला उपयोगी पडते, कारण त्याचा हात त्या बारकाव्यापर्यंत पोहोचलेला असतो. नवशिक्याचा नेम चुकतो तो हाताच्या थरकापाने. काही मर्यादेपर्यंत जास्त पैशाने भरवशाचे हत्यार मिळते. त्यापुढचा पैसा झळाळीचा, नक्षीचा आणि नावाचा.

मग मी त्याला घाटातली ती रात्र पुन्हा सांगायला लावली. गाडीत तो एकटाच होता. पैसे कोणत्या दिवशी नेतो, हे साऱ्या गावाला माहीत होते. दोघे जण अंधारातून आले, तेव्हा त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. अशा वेळी कमरेला लाखाचे पिस्तूल असते तर काय झाले असते, असे मी विचारले. तो बराच वेळ गप्प बसला. कदाचित तेही घेऊन गेले असते, असे शेवटी त्यानेच सांगितले.

मी त्याला एवढेच म्हटले की ३०० होनांच्या तलवारीचा दाखला द्यायचा तर चिलखताचा आणि जिवा महालाचाही दे. हत्यार घ्यायचेच असेल तर साधे आणि भरवशाचे घे, ते कुलपात सांभाळ आणि रीतसर शिकून घे. मजुरी शक्य तितकी बँकेतून दे. राहिलेली रोकड दिवसाउजेडी ने. आणि गाडीत दुसरा माणूस बसव, मग त्याला त्याचा रोज द्यावा लागला तरी चालेल.

भाच्याने काही महिन्यांनी कानपूरचे रिव्हॉल्व्हर घेतले. आता घाटातून जाताना त्याच्याबरोबर गावातला एक जण असतो आणि अंधार पडायच्या आत दोघे परततात. बहिणीने सही केली नाही. दिवाळीनंतर तिच्या त्या तुकड्यावरचा भात कापायला मीही गेलो होतो. काम माझ्याच्याने फार झाले नाही, पण दुपारी बांधावर बसून आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली.