बहात्तर नंबरची अल्फोन्सिना

आमच्या मुकुंदवाडीत, गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या भिंतीला टेकवून एक लेडीज सायकल उभी असते. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, चेन गंजलेली. सीटवर शेजारची कोंबडी बसलेली मी स्वतः पाहिली आहे. ही सायकल ज्या मुलीची, ती आता दहावीत आहे. नववीपर्यंत ती सायकलनं शाळेत जायची. मग एक दिवस घरात ठरलं, की आता पुरे. जालना रोडवरची वाहतूक हे सांगितलेलं कारण, आणि मुलगी मोठी झाली हे न सांगितलेलं. रोजची रिक्षा परवडत नाही, म्हणून ती पायी जाते. तिची आई आमच्या बचत गटात आहे. हप्ता भरायला आली की हमखास हा विषय निघतो आणि तिच्या मालकांपाशी येऊन थांबतो.

मैत्रिणींनो, अशाच एका बैठकीत मी अल्फोन्सिना स्ट्राडाची गोष्ट काढली. नाव ऐकून आधी सगळ्या हसल्या. दोनदा म्हणून बघितल्यावर ते जिभेवर बसलं. ही इटलीतली बाई. तिला जाऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, पण तिकडच्या सायकलवेड्यांना तिचं नाव आजही ठाऊक आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याला ऐकून माहीत असते. तशाच, पण त्याहून कितीतरी लांब रस्त्यावरच्या शर्यती ही बाई पुरुषांच्या बरोबरीनं धावली आणि त्यावरच पोट भरलं.

तिचा जन्म १६ मार्च १८९१चा, इटलीच्या मोडेना शहराजवळच्या एका खेड्यातला. माहेरचं आडनाव मोरीनी. आईबाप शेतमजूर, घरात खाणारी तोंडं भरपूर. अल्फोन्सिना दहा वर्षांची असताना वडिलांनी घरात एक जुनाट सायकल आणली. पैसे कुठले असणार! काही कोंबड्या देऊन ती आणली, असं सांगतात. (हे सांगताना आमच्या गटातल्या सगळ्यांचं लक्ष त्या मुलीच्या आईकडे गेलं. तीही हसली.) सायकल आणली होती वडिलांच्या कामासाठी. शिकली मात्र पोरगी. लांब झगा सावरत, पडत, गुडघे फोडून घेत शिकली. गावात हाकाटी झाली, की ही पोरगी नव्हे, झगा घातलेलं भूत आहे! आपल्याकडेही मुलगी गाडीवर जोरात गेली की चार आज्या अशाच बोलतात.

रविवारी घरच्यांना सांगायचं चर्चमध्ये चालले म्हणून, आणि जायचं शेजारच्या गावातल्या शर्यतीला. पहिलं मोठं बक्षीस म्हणे जिवंत डुक्कर मिळालं. गरिबाच्या घरात ही काही चेष्टेची गोष्ट नव्हती, कित्येक दिवसांचं खाणं होतं ते. पण आईबापांचं मत त्यामुळे बदललं नाही. सायकल सोड, शिवणकाम कर आणि लग्न कर, हेच त्यांचं म्हणणं. शिवणकाम तिनं केलं. शर्यतीही सोडल्या नाहीत. १९११ साली तिनं एका तासात ३७ किलोमीटरहून जास्त अंतर कापल्याचं सांगितलं जातं. आपली स्कूटी जालना रोडवर त्याच वेगानं जाते, आणि तिला पेट्रोल लागतं.

१९१५ साली मिलान शहरात तिचं लग्न झालं. नवरा लुईजी स्ट्राडा धातूवर नक्षी कोरणारा कारागीर. लग्नात त्यानं बायकोला काय दिलं असेल? शर्यतीची नवी कोरी सायकल! इथं आमच्या बैठकीत एकदम शांतता पसरली. मग एकीनं विचारलं, की सासू काही बोलली नाही का. ते मलाही माहीत नाही. पण लुईजीनं बायकोच्या शर्यतींना पाठिंबा दिला, एवढं खरं.

तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलंच होतं. तरणे गडी सैन्यात गेले आणि शर्यतींना माणसं कमी पडू लागली. १९१७ साली लोंबार्डी प्रांतातल्या नावाजलेल्या शर्यतीत अल्फोन्सिनानं नाव दिलं. नियमांच्या पुस्तकात बाईला मनाई आहे असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. असा प्रश्न कधी येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नसावं! ती धावली आणि शेवटी आली, पहिल्या आलेल्यापेक्षा दीड तासानं मागं. पण अर्ध्यावर सोडून गेलेले पुरुष होते, ती पूर्ण करून आली. दुसऱ्या वर्षी परत गेली. या खेपेला शेवटून दुसरी, आणि पहिल्याच्या मागं फक्त २३ मिनिटं. एका वर्षात तिनं केवढा फरक भरून काढला बघा. मला वाटतं तिची खरी कमाई इथं आहे, पण लोकांना तिची ओळख आहे ती १९२४ सालच्या शर्यतीमुळे.

त्या शर्यतीचं नाव जिरो द इतालिया, म्हणजे इटलीची प्रदक्षिणाच म्हणा. एका क्रीडा दैनिकानं आपला खप वाढावा म्हणून १९०९ साली ती सुरू केली. १९२४ला नामवंत सायकलपटू जास्त पैसे मागू लागले, मालक देईनात, आणि बडी मंडळी रुसून बसली. मग दैनिकानं जाहीर केलं, की ज्याला यायचं त्यानं यावं, राहण्याजेवणाची सोय आमची. त्या जेवणासाठी सहाशे कोंबड्यांची तजवीज केली होती, असं वाचायला मिळतं. पण बड्या नावांशिवाय शर्यत बघायला लोक कसे येणार? लोकांनी वळून बघावं असं काहीतरी त्यांना हवंच होतं. अल्फोन्सिनाचा अर्ज मंजूर झाला. नंबर मिळाला ७२. छापून आलेल्या यादीत मात्र तिच्या नावाचं शेवटचं अक्षर गळालेलं होतं. त्यामुळे नाव पुरुषाचं वाटत होतं. चूक होती की मुद्दाम, याचा निकाल आजवर लागलेला नाही. मला विचाराल तर मुद्दामच.

१० मे १९२४ रोजी मिलानहून ९० जण निघाले. आखूड केस, गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी आणि पायात काळे मोजे अशी ही तेहतीस वर्षांची बाई त्यांच्यात. एकूण अंतर ३,६१३ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी. ते बारा टप्प्यांत तोडायचं, मधे विश्रांतीचे दिवस. पहिला टप्पाच तीनशे किलोमीटरचा. इथून निघून पुणे मागं टाकायचं आणि लोणावळा गाठायचं, तेही एका दमात. रस्ते कच्चे, धुरळ्याचे. सायकली जड. आजच्यासारखे गिअर नव्हते. चढ आला की खाली उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचं, मग पुढं. पंक्चर ज्याचं त्यानं काढायचं, त्यासाठी जादा टायर खांद्याभोवती गुंडाळलेलं.

ती पुढच्यांत नव्हती, पण दर टप्प्याला काही पुरुष तिच्या मागं असायचे. रस्त्यात लोक आधी टिंगल करायला जमायचे. हळूहळू वाट बघायला जमू लागले.

मग आठवा टप्पा आला, लाक्विलाहून पेरूजाला, २९६ किलोमीटरचा. वादळवारा, पाऊस, रस्त्यात चिखल. पडापडीत तिच्या सायकलचं हँडल तुटलं. आता काय करणार? झाडूच्या दांड्याचा तुकडा मिळाला, तो हँडलच्या जागी बांधला आणि त्यावर हात ठेवून ती राहिलेला रस्ता चालली. पोचली तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती. नियमानं ती बाद.

पंचांत वाद झाला. काहींना ती नकोच होती, त्यांना आयतं कारण मिळालं. पण ती गेली तर रस्त्यावरची गर्दी जाईल, हे दैनिकाच्या संपादकाला कळत होतं. शेवटी तोडगा निघाला, की तिनं पुढं धावावं, तिचा राहण्याखाण्याचा खर्च दैनिक करेल, पण निकालात तिचं नाव धरायचं नाही. आमच्या बायकांना हे काही पटलं नाही. काम पूर्ण करून घ्यायचं आणि हजेरीपटावर नाव नाही, हा कुठला न्याय! आमच्यातल्या दोघीतिघी चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातात, त्यांना तर फारच लागलं. माझं मन मात्र दोन्हीकडे जातं. वेळेचा नियम सगळ्यांनाच होता. तो तिच्यासाठी वाकवला असता तर लोकांनी तेवढंच धरून ठेवलं असतं.

तिनं काय ठरवलं? ती धावली. बोलोन्याहून फ्युमेचा टप्पा ४१५ किलोमीटरचा होता, मुकुंदवाडीहून मुंबईच्याही पुढं. तिथं ती रडत, थकून उशिरा पोचली, आणि थांबून राहिलेल्या लोकांनी तिला उचलून घेतलं. १ जूनला शर्यत मिलानला परत आली. ज्युझेप्पे एन्रीची जिंकला. नव्वदांपैकी निकालात नाव लागलं तिसांचंच. अल्फोन्सिना कागदावर कुठंच नव्हती, पण मिलानला सायकलवरच पोचली होती.

लोकांनी तिच्यासाठी पैसे गोळा केले, रक्कम मोठी जमली. ते पैसे हवेच होते, कारण तोवर लुईजीचं मन बिघडलं होतं. लग्नात सायकल देणारा हा माणूस मनोरुग्णालयात होता आणि त्याचा खर्च बायकोच्या पायांवर चालला होता. हे सांगितल्यावर मला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. गटातल्या निम्म्याअधिक बायकांचं घर असंच चालतं. कुणी धुण्याभांड्यावर चालवतं, कुणी शिलाई मशीनवर. सायकल हेही एक काम आहे, एवढंच त्यांना नवं होतं.

१९२५ साली तिनं परत अर्ज केला. बडे खेळाडू परतले होते, तिची गरज संपली होती. अर्ज नामंजूर झाला, आणि पुढंही पुरुषांच्या त्या शर्यतीत तिच्यानंतर दुसरी बाई धावली नाही. बायकांची वेगळी जिरो शर्यत सुरू व्हायला १९८८ उजाडलं. अल्फोन्सिनानं हातावर हात ठेवले नाहीत. नाटकगृहांत, सर्कशीत फिरत्या रुळांवर जागच्या जागी सायकल चालवून दाखवायची आणि त्याचे पैसे घ्यायची. लुईजी १९४६ साली वारला. १९५० साली तिनं कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी लग्न केलं. दोघांनी मिलानमध्ये सायकलचं दुकान चालवलं. १९५७ला तोही गेला. ती दुकानात बसत राहिली, लोकांच्या सायकली दुरुस्त करत राहिली. वय झाल्यावर सायकल दमवू लागली, तेव्हा तिनं पाचशे सीसीची मोटारसायकल घेतली.

१३ सप्टेंबर १९५९ रोजी ती त्या मोटारसायकलवर एक शर्यत बघायला गेली. संध्याकाळी घरी परतल्यावर गाडी लावताना तोल गेला, जड गाडी सावरता सावरता छातीत कळ आली आणि सगळं संपलं. ६८ वर्षांची होती.

बैठक संपल्यावर त्या मुलीची आई मागं रेंगाळली. दोन्ही ट्यूब नव्या घालायला किती लागतील, असं तिनं विचारलं. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सांगेल, म्हटलं. जालना रोडचं तिच्या मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, ट्रक कसे जातात ते आपण बघतोच. आतल्या गल्ल्यांतून शाळेपर्यंत रस्ता आहे, थोडा लांबचा. रविवारी आम्ही दोघी तो चालून बघणार आहोत.