बारामतीचे मोरोपंत

कऱ्हा नदीकाठच्या बारामती गावी अठराव्या शतकात मोरोपंत पराडकर हे थोर कवी होऊन गेले. त्यांचा जन्म इ. स. १७२९ मध्ये पन्हाळगडी झाला. तेथील पाध्ये गुरूंपाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. पुढे ते नाईक घराण्याच्या आश्रयास बारामतीस आले, व पुराण सांगत आणि काव्य रचीत अखेरपर्यंत तेथेच राहिले. सगळे महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणिले. रामकथा तर नाना रीतींनी पुनःपुन्हा गाइली.

एवढी विद्या व एवढा मान लाभलेल्यास गर्व होणे सोपे. नित्य दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्याची जीभ पुढे धावते, अंतःकरण मागे राहते. परंतु पंतांचे केकावली हे काव्य पाहा. केका म्हणजे मोराचा टाहो. त्यात ते पंडित म्हणून नव्हे, तर अपराधी याचक म्हणून आपल्या आराध्य देवापुढे उभे राहतात. सज्जनांची संगती मिळावी व बुद्धीचा मळ जावा, असे मागतात. इ. स. १७९४ मध्ये त्यांचा देहान्त झाला.

प्रिय उपदेशक बंधूंनो, पंतांचा धर्ममार्ग व आपला एक नव्हे; तथापि मंदिरात ऊर बडवून दया मागणाऱ्या जकातदाराचा दाखला आपणांस ठाऊक आहे. रविवारी मंडळीपुढे उभे राहण्यापूर्वी आपण घरी गुडघे टेकिले काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. जो स्वतःकरिता दया मागतो, त्याच्याच मुखी दयेचा निरोप शोभतो.