फणी, अंगण आणि ताराबाई

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचता वाचता तुमचा हात डोक्याकडे जाणार, हे मी आधीच सांगून ठेवते. विषय आहे उवांचा. नाक मुरडू नका. लहान मुलांत काम करणारी प्रत्येक बाई, मग ती अंगणवाडीताई असो, बालवाडीची शिक्षिका असो की चार नातवंडं सांभाळणारी आजी, कधी ना कधी या पाहुण्यांना भेटतेच. मलाही त्या भेटल्या आणि माझी एक मोठी चूक दाखवून गेल्या. त्याच निमित्तानं एका थोर बाईंचं आयुष्य मला नव्यानं कळलं. ती गोष्ट आज सांगायची आहे.

मी वाशीत राहते. आम्ही चौघीजणी मिळून बांधकामावरच्या मजुरांच्या आणि बाजारात माल उचलणाऱ्यांच्या मुलांसाठी रोज सकाळी दोन तास बालवाडी चालवतो. गाणी, गोष्टी, रंगीत मणी, शेवटी मुठीएवढा खाऊ. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक चिमुरडी यायची. चार वर्षांची असेल. गोष्ट सुरू झाली की थेट माझ्या मांडीवर डोकं टाकायची. एक दिवस तिच्या भांगातून मला ऊ चालताना दिसली. नीट पाहिलं तर कानामागे लिखांचे पुंजके. मी चटकन तिला बाजूला सारलं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण दुपारी आई न्यायला आली, तेव्हा इतर बायकांच्या देखत मी तिला सुनावलं की डोकं स्वच्छ झाल्याशिवाय पोरीला पाठवू नकोस.

आठवडा गेला, पोर आली नाही. म्हणून मी घरी गेले. आईनं कुणाकडून तरी रॉकेल आणून तिच्या डोक्याला चोळलं होतं. कातडी लालेलाल झाली होती. मग बापानं वस्तरा फिरवून पूर्ण डोकं भादरलं होतं. पोर डोक्याला ओढणी गुंडाळून पिंपामागे लपली होती. माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हती.

त्याच रात्री मला डोक्यात खाज सुटली. सासूबाईंनी बघितलं आणि हसायलाच लागल्या. त्यांनी मला दारातल्या पायरीवर बसवलं, खोबरेल तेल चोपडलं आणि फणी घेऊन तासभर माझं डोकं साफ केलं. मला कुणी घराबाहेर काढलं नाही. चारचौघांत बोल लावला नाही. मी मात्र त्या पोरीला दार दाखवलं होतं. ही गोष्ट मनाला फार लागली.

तेव्हा मला ताराबाई मोडक आठवल्या. कॉलेजात असताना त्यांच्यावर कधीतरी टिपण लिहिलं होतं. रत्नाकर मतकरींचं ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्याच आयुष्यावर बेतलेलं, हेही ठाऊक होतं. पण परीक्षेपुरतं वाचलेलं आणि स्वतःला गरज पडल्यावर वाचलेलं यात फार फरक असतो हो!

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीनं शिकायचं हे घरात ठरलेलंच. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. बायकांनी चार इयत्ता शिकणंही अप्रूप होतं असा तो काळ. लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. यजमान वकील. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. आजही आपल्या गावात अशी बाई दिसली की कुजबुज होते. शंभर वर्षांपूर्वी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पोटासाठी त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, बऱ्या पगाराची नोकरी. पण १९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरला गेल्या, कारण तिथं गिजुभाई बधेका लहान मुलांचं वेगळंच शिक्षण करत होते. मुलांना मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, त्यांना हातांनी कामं करू द्यायची. यामागे इटलीच्या मादाम मॉन्टेसरींची पद्धत होती. त्यांनी १९०७ मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं होतं. हात धुणं, केस विंचरणं, बटणं लावणं हासुद्धा तिथं अभ्यासच होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. बालशिक्षण म्हटलं की ताराबाई, असं त्यांचं नाव झालं.

इथंच त्या थांबल्या असत्या तरी पुरे होतं. पण शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना हे सगळं मिळतंय आणि खेड्यातल्या मुलांना काहीच नाही, हे त्यांना सलत होतं. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेलं. सोबतीला होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ, बालपणीच विधवा झालेल्या आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या. आपण त्रेपन्नाव्या वर्षी गुडघेदुखीचं तेल शोधत असतो. या बाईंनी नवा संसार मांडला, तोही दुसऱ्यांच्या मुलांचा.

बोर्डीत गावातली मुलं बालवाडीत यायला लागली, पण दलित वस्तीतली येईनात. परकी जागा, नीटनेटके कपडे घातलेली इतर मुलं, त्यात लहान भावंडाला सांभाळायचं ओझं. मग ताराबाईंनी काय केलं? मुलं येत नाहीत म्हणून बोटं मोडत बसल्या नाहीत. बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. आपण रोज तोंडानं म्हणतो तो अंगणवाडी शब्द इथला आहे. १९७५ मध्ये सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा हेच नाव देशभर गेलं.

आणि त्या अंगणातल्या कामाची सुरुवात होती स्वच्छता. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मी म्हटलं होतं, आधी स्वच्छ हो, मग ये. ताराबाईंची रीत होती, आधी ये, मग आपण स्वच्छ होऊ. जातीच्या नावाखाली ज्यांना लोक शिवतही नव्हते, त्यांच्या मुलांना हात लावून न्हाऊ घालणं म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

मॉन्टेसरींची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, दगड-गोटे यांचीच साधनं केली. १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली मुलं. दिवसभर गुरांमागे असायची, म्हणून शाळाच कुरणात गेली, कुरणशाळा झाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, हे काम वाढवलं.

हे सगळं वाचल्यावर आम्ही चौघी फणी, तेल आणि गरम पाण्याची बादली घेऊन वस्तीत गेलो. पहिल्या दिवशी मी स्वतःच सगळ्यांपुढे पायरीवर बसले आणि मैत्रिणीकडून डोकं विंचरून घेतलं. माझ्याही डोक्यात निघाल्या होत्या हे मोठ्यानं सांगितलं. बायका हसल्या आणि मग एकेक करून आपापल्या पोरी घेऊन बसल्या. आता दर शनिवारी आमच्याकडे फणीवार असतो.

डॉक्टरांकडून विचारून घेतलेल्या चार गोष्टी तुम्हालाही सांगते. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत जाते, म्हणून खेळणाऱ्या मुलांत पसरते. स्वच्छ केसांतही ती तितक्याच सुखानं राहते, त्यामुळे उवा म्हणजे घाणेरडेपणा हे डोक्यातून काढून टाका. डोक्यातल्या उवांनी रोग पसरत नाहीत, पण खाजवून जखमा होतात आणि त्या चिघळतात. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून एकदा विंचरून भागत नाही. केस ओले करून किंवा तेल लावून, बटाबटांनी, मुळापासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी फिरवायची आणि दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, हे करत राहायचं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची. औषध लावायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि साधारण सात ते दहा दिवसांनी पुन्हा. फणी गरम पाण्यात बुडवून धुवायची. रॉकेल मात्र कधीही, कितीही कुणी सांगितलं तरी, नाही. कातडी भाजते, श्वासात गेलं तर जिवावर बेततं आणि जवळ चूल असेल तर विचारायलाच नको. आणि उवा झाल्या म्हणून मुलाला शाळेतून घरी बसवायची गरज नाही, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात.

ती चिमुरडी परत आली. बोटभर केस वाढल्यावर आली. सुरुवातीला दाराशीच बसायची. दोन महिन्यांनी एकदा बाहुलीचं डोकं फणीनं विंचरताना दिसली, अगदी कानामागे बघून बघून. आता ती महापालिकेच्या शाळेत जाते. तिची आई भेटली की बोलते, पण अजून थोडी अंतर ठेवूनच. माझ्या त्या दिवसाच्या बोलण्याची ती किंमत आहे आणि ती मला मान्य आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अंगणवाडी असेल. एखाद्या शनिवारी दोन रुपयांचं तेल आणि एक फणी घेऊन जाऊन बघा. अंगणवाडीताईवर पोषण आहारापासून वजनं-मापं आणि नोंदवह्यांपर्यंत कितीतरी कामं असतात, तिला तेवढाच हातभार. आणि मुलाच्या डोक्यात ऊ दिसली, तर बोलायच्या आधी त्याला जवळ घ्या. बाकीचं नंतर करता येतं.