मिठाईवाला धावपटू आणि अखेरचे साडेतीनशे मीटर

लंडन ऑलिम्पिकची १९०८ सालची मॅरेथॉन अमेरिकेच्या जॉनी हेजने जिंकली. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र अपात्र ठरलेला दोरांदो पिएत्री.

दोरांदोचा जन्म १६ ऑक्टोबर १८८५ रोजी उत्तर इटलीतील मांद्रिओ या खेड्यात झाला. पुढे तो कार्पी गावी मिठाईच्या दुकानात कामाला लागला. उंची सव्वापाच फुटांच्या आतच, पण पायांत बळ विलक्षण. १९०६ साली अथेन्सच्या शर्यतीत तो आघाडीवर होता. पोट बिघडल्याने त्याला शर्यत सोडावी लागली.

२४ जुलै १९०८ रोजी लंडनमध्ये उकाडा होता. विंडसर राजवाड्यापासून निघालेली ही शर्यत ४२.१९५ किलोमीटरची होती. शेवटच्या टप्प्यात दोरांदोने दक्षिण आफ्रिकेच्या हेफरनला मागे टाकले आणि सर्वांत आधी स्टेडियम गाठले. तिथे मात्र त्याचे भान हरपले. तो उलट्या दिशेने वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटचे सुमारे साडेतीनशे मीटर पार करायला त्याला दहा मिनिटे लागली. पंचांनी हात देऊन उठवल्याने तो २ तास ५४ मिनिटे ४६ सेकंदांत पोहोचला. पण याच मदतीमुळे अपात्रही ठरला.

त्या काळी धावताना पाणी पिणे अनेक प्रशिक्षकांना कमकुवतपणाचे लक्षण वाटे. त्याउलट उत्तेजक म्हणून ब्रँडी चाले. १९०४ च्या ऑलिम्पिक विजेत्याला तर वाटेत स्ट्रिक्निनसारखे विषही अल्प मात्रेत दिले गेले होते.

आज हिशेब सोपा आहे. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे जवळपास दोन हजार किलोकॅलरी साठलेल्या असतात. साठ किलो वजनाच्या धावपटूला मॅरेथॉनसाठी अडीच हजारांच्या आसपास लागतात. उरलेली गरज चरबी भागवते, पण सावकाश. त्यामुळे तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात. त्यातच घामाने पाणी घटले की रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयावर ताण येतो, शरीर तापते. दिशा चुकणे आणि तोल जाणे ही अशा अवस्थेतली ओळखीची लक्षणे.

१९२४ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंची रक्तशर्करा डॉक्टरांनी तपासली. गळून गेलेल्यांची साखर खूप उतरलेली होती. पुढच्या वर्षी काहींना आधी पिष्टमय आहार आणि धावताना गोड गोळ्या दिल्या. त्यांची अवस्था बरीच चांगली राहिली. दोरांदो दुकानात जे विकत असे, तेच औषध निघाले!

उलट टोकही घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढणे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणे, हे त्याचे मोठे कारण होते.

म्हणून दीड तासापेक्षा जास्त धावायचे असेल, तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. पाणी तहानेनुसार प्यावे. सरावाच्या आधी व नंतर वजन करावे. ते दोन टक्क्यांहून जास्त घटत असेल, तर पाणी कमी पडते आहे. वाढत असेल, तर ते जास्त होते आहे. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ नको. पोटालाही सराव लागतो. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने दोरांदोला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्याला बेकरी काढता यावी म्हणून वर्गणीचा पुढाकार घेतला. त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हेजला हरवले. १९११ मध्ये तो निवृत्त झाला. हॉटेलच्या धंद्यात पैसे बुडाले, मग सानरेमोत त्याने गॅरेज चालवले. तिथेच ७ फेब्रुवारी १९४२ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५६ वर्षांचा होता.