लुई शेवरोले

लुई-जोसेफ शेवरोले (२५ डिसेंबर, १८७८:ला शो-द-फाँ, स्वित्झर्लंड - ६ जून, १९४१:डेट्रॉइट, मिशिगन, अमेरिका) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन मोटार शर्यतचालक, अभियंता आणि उद्योजक होते. शेवरोले मोटर कार कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होते व या कंपनीला त्यांचेच नाव देण्यात आले. स्थापनेनंतर काही वर्षांतच ते कंपनीतून बाहेर पडले आणि आपल्या नावाने मोटारी विकण्याचा अधिकार गमावून बसले. त्यानंतर त्यांनी तयार केलेल्या शर्यतीच्या मोटारींनी १९२० व १९२१ अशी सलग दोन वर्षे इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली.

प्रारंभिक जीवन

शेवरोले यांचा जन्म नशातेल परगण्यातील ला शो-द-फाँ या घड्याळनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्यांचे वडील जोसेफ-फेलिसिएं हे घड्याळजी होते. आईचे नाव मारी-आन आंजेलीन असे होते. सूक्ष्म यंत्रभाग हाताने घडविण्याचे व त्यांची अचूकता पारखण्याचे संस्कार लुई यांच्यावर वडिलांच्या कामातूनच झाले. १८८० च्या दशकात हे कुटुंब फ्रान्सच्या बुर्गुंडी प्रांतातील बोन या गावी स्थलांतरित झाले. लुई यांचे धाकटे भाऊ आर्थर व गॅस्टन हेही पुढे मोटारींच्या व्यवसायात आले.

बोन येथे लुई यांनी किशोरवयातच एका यंत्रदुरुस्तीच्या कर्मशाळेत काम सुरू केले. सायकलींची दुरुस्ती करता करता त्यांना सायकल शर्यतींची गोडी लागली व परिसरातील अनेक शर्यतींत त्यांनी यश मिळविले. बोन हा द्राक्षमद्य उत्पादनाचा प्रदेश आहे. पिंपांतील मद्य एकातून दुसऱ्यात काढण्यासाठी लुई यांनी एक पंप तयार केल्याचे सांगितले जाते. पुढे पॅरिसमधील मोर्स या मोटार कारखान्यात काम करताना त्यांचा अंतर्ज्वलन इंजिनांशी परिचय झाला.

उत्तर अमेरिकेत आगमन

१९०० मध्ये शेवरोले कॅनडातील माँट्रियल येथे गेले. तेथे काही काळ चालक व कारागीर म्हणून काम केल्यावर ते न्यू यॉर्कला आले आणि ब्रुकलिन येथे द दियाँ-बुताँ या फ्रेंच कंपनीच्या अमेरिकन शाखेत नोकरी करू लागले. कालांतराने त्यांनी आपल्या भावांनाही अमेरिकेत बोलावून घेतले. १९०५ मध्ये त्यांचा विवाह सुझान त्रेवू यांच्याशी झाला. या दांपत्याला चार्ल्स व आल्फ्रेड हे दोन मुलगे झाले.

शर्यतचालक

१९०५ मध्ये फियाट कंपनीच्या अमेरिकेतील प्रतिनिधींनी शेवरोले यांना शर्यतचालक म्हणून घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यू यॉर्कमधील मॉरिस पार्क येथे त्यांनी एक मैलाचे अंतर ५२.८ सेकंदांत पार केले. या ठिकाणी त्यांनी बार्नी ओल्डफील्ड या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय अमेरिकन चालकावर मात केली. या विजयामुळे तोवर फारसे कोणाला माहीत नसलेले शेवरोले एकदम प्रकाशझोतात आले. त्याच वर्षी त्यांनी लाँग आयलंडवरील व्हँडरबिल्ट चषक शर्यतीतही भाग घेतला.

शेवरोले हे धिप्पाड शरीरयष्टीचे आणि तापट स्वभावाचे होते. त्या काळी शर्यतीच्या मोटारींचे स्टिअरिंग अत्यंत जड असे आणि मार्ग बहुधा मातीचे असत. अशा परिस्थितीत त्यांचे शारीरिक बळ उपयोगी पडे. तथापि बेधडक चालविण्यामुळे त्यांना अनेकदा अपघात झाले व त्यांचा बराच काळ रुग्णालयात गेला.

ब्युइक कंपनीचे प्रमुख विल्यम सी. ड्युरँट यांनी आपल्या मोटारींच्या प्रसिद्धीसाठी शर्यतीचा चमू उभारला. त्यात लुई व आर्थर शेवरोले, बॉब बर्मन आणि लुईस स्ट्रँग यांचा समावेश होता. ड्युरँट यांनी दोघा भावांची आपापसांत शर्यत लावली आणि हरलेल्या आर्थर यांना आपला खासगी चालक नेमले, कारण ते अधिक सावधपणे मोटार चालवीत, अशी आख्यायिका आहे. जून १९०९ मध्ये इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंट येथे झालेली कोब चषक शर्यत लुई यांनी ब्युइक मोटारीतून जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्याने बांधलेल्या इंडियानापोलिस धावमार्गावरील पहिल्या मोटार शर्यतींतही ते उतरले. खडी व डांबराचा हा पृष्ठभाग मोटारींखाली उखडू लागला. उडालेल्या खडीमुळे शेवरोले यांच्या डोळ्यांना इजा होऊन त्यांना शर्यत सोडावी लागली. या शर्यतींत अनेकांचा मृत्यू झाल्यावर संपूर्ण मार्गावर विटा बसविण्यात आल्या.

शेवरोले मोटर कार कंपनी

ड्युरँट यांनी १९०८ मध्ये जनरल मोटर्सची स्थापना केली होती. वेगाने कंपन्या विकत घेण्याच्या धोरणामुळे कर्ज वाढत गेले आणि १९१० मध्ये बँकांनी त्यांच्या हातून कंपनीचे नियंत्रण काढून घेतले. पुन्हा उभे राहण्यासाठी त्यांना नव्या मोटारीची व लोकांना परिचित असलेल्या नावाची गरज होती. शर्यतींमुळे शेवरोले हे नाव तेव्हा देशभर पोहोचले होते. ३ नोव्हेंबर, १९११ रोजी डेट्रॉइट येथे शेवरोले मोटर कार कंपनी अस्तित्वात आली.

कंपनीच्या पहिल्या मोटारीच्या आराखड्यात शेवरोले यांना एटिएन प्लांश या अभियंत्याचे साहाय्य मिळाले. क्लासिक सिक्स या नावाने ती विकली जाऊ लागली. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे ४.९ लिटर क्षमतेचे व ४० अश्वशक्तीचे होते. ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेग गाठणारी ही मोटार ऐसपैस व दर्जेदार होती, परंतु तिची किंमत २,१५० डॉलर होती. त्याच सुमारास फोर्ड मॉडेल टी सुमारे एक-तृतीयांश किमतीत मिळत होती.

कंपनीचे बो-टाय म्हणून ओळखले जाणारे बोधचिन्ह १९१३ पासून वापरात आले. त्याच्या उगमाविषयी वेगवेगळ्या कथा प्रचलित आहेत. एका कथेनुसार ड्युरँट यांना ते फ्रान्समधील एका हॉटेलच्या भिंतीवरील कागदावर दिसले, तर दुसरीनुसार वृत्तपत्रातील एका जाहिरातीवरून ते सुचले. ते स्विस क्रूसावरून घेतले असावे, असेही काहींचे मत आहे.

ड्युरँट यांच्याशी मतभेद

क्लासिक सिक्सच्या किमतीतच दोघांमधील मतभेदाचे मूळ होते. शेवरोले यांना आपले नाव असलेली मोटार वेगवान, भक्कम व उत्तम कारागिरीची हवी होती. ड्युरँट यांना मॉडेल टीशी स्पर्धा करणारी स्वस्त मोटार मोठ्या संख्येने विकायची होती. त्यांनी लिटल या आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त मोटारींचे आराखडे शेवरोले या नावाखाली आणण्यास सुरुवात केली. शेवरोले यांना हे मान्य नव्हते. त्यांनी सिगारेट सोडून अधिक प्रतिष्ठित समजला जाणारा सिगार ओढावा, असा ड्युरँट यांचा आग्रह होता व त्यावरूनही दोघांत खटके उडत, असे सांगतात.

१९१३ च्या अखेरीस शेवरोले कंपनीच्या कामकाजातून दूर झाले आणि त्यानंतर त्यांनी आपला हिस्साही विकून टाकला. या नावाने मोटारी बनविण्याचा हक्क कंपनीकडेच राहिला. त्यांच्या पश्चात १९१५ मध्ये ४९० हे प्रतिरूप बाजारात आले. त्याचे नाव त्याच्या ४९० डॉलर या किमतीवरून ठेवले होते. त्याला मिळालेल्या प्रचंड यशाच्या बळावर ड्युरँट यांनी जनरल मोटर्सचे समभाग जमवून १९१६ मध्ये त्या कंपनीवर पुन्हा ताबा मिळविला. १९१८ मध्ये शेवरोले कंपनी जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. हिस्सा आधीच विकल्यामुळे शेवरोले यांना या भरभराटीतून काहीही मिळाले नाही.

फ्रंटेनॅक

कंपनी सोडल्यावर शेवरोले यांनी भावांच्या साहाय्याने शर्यतीच्या मोटारी बांधण्यास सुरुवात केली. स्वतःचे नाव वापरता येत नसल्याने त्यांनी या मोटारींना न्यू फ्रान्सचा सतराव्या शतकातील गव्हर्नर काँत द फ्रंटेनॅक याचे नाव दिले. वजन कमी करण्यासाठी त्यांत ॲल्युमिनियमचा मोठ्या प्रमाणावर वापर केला होता. १९१७ मध्ये सिनसिनाटी येथील लाकडी धावमार्गावरील शर्यत लुई यांनी फ्रंटेनॅकमधून जिंकली.

इंडियानापोलिस ५०० मध्ये लुई स्वतः १९१५, १९१६, १९१९ आणि १९२० असे चार वेळा उतरले. १९१९ मधील सातवा क्रमांक ही त्यांची तेथील सर्वोत्तम कामगिरी ठरली.

१९२० च्या शर्यतीसाठी त्यांनी तीन लिटर क्षमतेच्या नव्या नियमानुसार चार सिलिंडरांच्या सात मोटारी तयार केल्या. इंजिनाच्या आराखड्यात कॉर्नेलियस व्हॅन रॅन्स्ट यांचा सहभाग होता. यांपैकी चार मोटारी मन्रो आणि तीन फ्रंटेनॅक या नावाने धावल्या. स्टिअरिंगच्या भागांतील पोलादावर योग्य उष्णता-संस्कार न झाल्याने शर्यतीदरम्यान यांतील अनेक मोटारींचे स्टिअरिंग निकामी झाले. लुई यांनाही याच कारणाने शर्यत सोडावी लागली. गॅस्टन यांची मन्रो मात्र शेवटपर्यंत टिकली आणि ताशी सुमारे १४२.६ किलोमीटर सरासरी वेगाने ते विजयी झाले. १९१३ पासून ही शर्यत सातत्याने युरोपीय बनावटीच्या मोटारी जिंकत होत्या. १९१२ नंतर प्रथमच अमेरिकन मोटार विजयी झाली.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स धावमार्गावर झालेल्या अपघातात गॅस्टन यांचा मृत्यू झाला. प्रतिस्पर्धी चालक एडी ओडॉनेल हेही याच अपघातात दगावले. भावाच्या मृत्यूचा लुई यांना मोठा धक्का बसला आणि त्यांनी शर्यतचालक म्हणून निवृत्ती पत्करली. त्यांचे बांधणीचे काम मात्र थांबले नाही. १९२१ मध्ये टॉमी मिल्टन यांनी आठ सिलिंडरांच्या फ्रंटेनॅकमधून इंडियानापोलिस ५०० जिंकली. सलग दोन वर्षे वेगवेगळ्या इंजिनांच्या मोटारींनी मिळविलेल्या या यशामुळे आराखडाकार म्हणून लुई यांची ख्याती शिखरावर पोहोचली.

फ्रॉन्टी-फोर्ड

या यशाचा लाभ घेऊन फ्रंटेनॅक नावाची प्रवासी मोटार काढण्याची योजना आखण्यात आली होती, परंतु १९२० च्या दशकाच्या आरंभीच्या मंदीत ती बारगळली. यानंतर शेवरोले बंधूंनी फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर बसविता येणारे सिलिंडर हेड बनविण्यास प्रारंभ केला. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला असत. नव्या हेडमध्ये ते वर बसविल्याने इंजिनाची शक्ती लक्षणीय वाढे. अशी जोडणी केलेल्या मोटारींना फ्रॉन्टी-फोर्ड असे नाव पडले. अल्प खर्चात शर्यतीची मोटार तयार करता येत असल्याने गावोगावच्या मातीच्या मार्गांवर त्या मोठ्या संख्येने दिसू लागल्या. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये एल. एल. कोरम यांनी फ्रॉन्टी-फोर्डमधून पाचवा क्रमांक मिळविला.

ज्या मॉडेल टीच्या धर्तीची स्वस्त मोटार बनविण्यावरून शेवरोले यांनी कंपनी सोडली होती, त्याच मोटारीचे सुटे भाग हा आता त्यांच्या उपजीविकेचा आधार बनला. १९२६ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये शर्यतीच्या आरंभी पुढे धावणारी मार्गदर्शक मोटार चालविण्याचा मान त्यांना मिळाला; ती मोटार क्रायस्लर कंपनीची होती.

विमान इंजिने आणि अखेरची वर्षे

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुई व आर्थर विमानांच्या इंजिनांकडे वळले. त्यांनी बनविलेले इंजिन शेवरोलेर या नावाने ओळखले जाते. या व्यवसायात दोघा भावांत वितुष्ट आले आणि लुई बाहेर पडले. १९२९ च्या आर्थिक महामंदीने त्यांची उरलीसुरली पुंजी संपविली. उपजीविकेसाठी १९३० च्या दशकात त्यांनी जनरल मोटर्सच्या शेवरोले विभागात नोकरी पत्करली. कारखान्याच्या फाटकावर आपलेच नाव असताना तेथे पगारी कामगार म्हणून राबण्याची वेळ त्यांच्यावर आली.

१९३४ मध्ये त्यांचा थोरला मुलगा चार्ल्स मरण पावला. त्यानंतर लुई यांची प्रकृती खालावत गेली. काही काळ ते पत्नीसह फ्लोरिडात राहिले, पण उपचारांसाठी त्यांना डेट्रॉइटला परतावे लागले. ६ जून, १९४१ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इंडियानापोलिसमधील होली क्रॉस अँड सेंट जोसेफ दफनभूमीत गॅस्टन यांच्याच सान्निध्यात त्यांचे दफन करण्यात आले. आर्थर यांचा मृत्यू १९४६ मध्ये झाला.

वारसा

इंडियानापोलिस धावमार्गाच्या संग्रहालयाच्या आवारात शेवरोले यांचे स्मारक आहे. ला शो-द-फाँ येथेही त्यांचे धातूचे भव्य मुखशिल्प उभारलेले आहे. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला आहे. शेवरोले हा पुढे जनरल मोटर्सचा सर्वाधिक विक्रीचा विभाग बनला. कोरव्हेट, इम्पाला, कमॅरो यांसारख्या मोटारींमुळे तो अमेरिकन जनजीवनाचा भाग झाला. या मोटारींच्या जडणघडणीत लुई यांचा प्रत्यक्ष सहभाग नव्हता. अभियंता म्हणून त्यांचे कर्तृत्व मुख्यतः फ्रंटेनॅक मोटारी व फ्रॉन्टी-फोर्डचे सिलिंडर हेड यांत दिसून येते.

भारतातील शेवरोले

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबई येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. तेथे शेवरोले मोटारी व मालमोटारींची जुळणी होत असे. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. २००३ मध्ये शेवरोले हे नाव भारतीय बाजारात परतले व २००८ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील शेवरोले मोटारींची विक्री थांबविली.