फार्बर यांची वॉशिंग्टन वारी

1947 साली बोस्टनच्या बालरुग्णालयात ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे मूल दाखल झाले, की डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. रक्त चढवायचे, वेदना कमी करायच्या आणि आई-वडिलांच्या मनाची तयारी करायची. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सारे संपे. पुढे त्या मुलांच्या पेशींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे काम डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे येई. ते पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांची गाठ जिवंत रुग्णांपेक्षा मृतांशीच अधिक पडे.

फार्बर यांचा जन्म 1903 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला. चौदा भावंडांत ते तिसरे. वैद्यकाचे पहिले वर्ष त्यांनी जर्मनीत काढले, पदवी हार्वर्डमधून घेतली आणि नंतर बोस्टनचे हे रुग्णालय कधी सोडले नाही.

त्यांना वाट दिसली ती फॉलिक आम्लातून. या जीवनसत्त्वाच्या कथेची सुरुवात मुंबईची आहे. 1928 नंतर ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो, हे त्यांना आढळले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या रक्तपेशी तयार व्हायला ते लागते. फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना त्याच जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तर रोग उलट भडकल्यासारखा वाटला. मग त्यांनी उलटा विचार केला: कर्कपेशींना हे खाद्य हवे असेल, तर ते तोडता येईल का? फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशीची फसगत करणारे औषध त्यांना मिळाले ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून. तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. औषधाचे नाव अमिनोप्टेरिन.

जून 1948 मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले. सोळा मुलांपैकी दहा मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. तो परत आला आणि मुले दगावलीच. अनेक सहकाऱ्यांना हा प्रकार क्रूर वाटला. मरणाऱ्या मुलांना विषारी औषधे कशाला, असे ते विचारत. प्रश्न गैर नव्हता. पण ल्युकेमिया औषधाने मागे रेटता येतो, हे प्रथमच दिसले होते.

आता पैसे हवे होते. त्याच वर्षी मे महिन्यात फार्बर यांच्या एका बारा वर्षांच्या रुग्णाला रेडिओवर आणले गेले. ओळख लपवण्यासाठी त्याला जिमी म्हटले गेले. त्याच्या खाटेभोवती आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू जमले, श्रोत्यांनी नोटा आणि नाणी पाठवली. 2 लाख 31 हजार डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून 1952 मध्ये स्वतंत्र इमारतही झाली.

एका इमारतीपुरते हे पुरेसे होते. पण एकामागून एक रसायने तपासायची, ती प्राण्यांवर आणि मग अनेक शहरांतल्या रुग्णांवर पारखायची, हे देणग्यांच्या डब्यावर चालणारे काम नव्हते. इथे फार्बर यांची मेरी लास्कर यांच्याशी जोडी जमली. लास्कर डॉक्टर नव्हत्या. वॉशिंग्टनमध्ये कोणाचे दार केव्हा ठोठवायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्याकडे जिद्द होती, फार्बर यांच्याकडे रुग्णांचा अनुभव.

दरवर्षी आरोग्य संशोधनाचा अर्थसंकल्प संसदेच्या समित्यांपुढे येई. सिनेटमध्ये सूत्रे लिस्टर हिल यांच्याकडे होती. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्यावरून डॉक्टर वडिलांनी त्यांचे नाव ठेवले होते. प्रतिनिधीगृहात जॉन फोगार्टी होते, एकेकाळचे गवंडी. सरकारने मागितलेला आकडा बाजूला ठेवून हे दोघे साक्षीदारांना विचारत, खरी गरज किती? फार्बर वर्षानुवर्षे साक्षीला जात राहिले. रोगाचे मूळ पूर्ण समजेपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे. 1955 मध्ये कर्करोगाच्या औषधांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1957 ते 1967 या काळात राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा वार्षिक निधी 4 कोटी 80 लाख डॉलरवरून 17 कोटी 60 लाखांवर गेला.

डिसेंबर 1969 मध्ये, माणूस चंद्रावर उतरून पाच महिने होत नाहीत तोच, लास्कर यांच्या गटाने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून वृत्तपत्रांत पानभर जाहिरात दिली. कर्करोग बरा करणे आवाक्यात आहे, असा तिचा सूर होता आणि आधार फार्बर यांच्या मताचा. इथे मात्र ते घसरले. चंद्रावर जाण्याचे भौतिकशास्त्र ठाऊक होते; पेशी बिघडते कशी, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. अनेक शास्त्रज्ञांनी तेव्हाच हे बजावले. तरीही 23 डिसेंबर 1971 रोजी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही झाली, तीन वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर.

फार्बर 30 मार्च 1973 रोजी बोस्टनमध्ये गेले. बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून आज प्रगत देशांत दहापैकी जवळपास नऊ मुले वाचतात, आणि अमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्झेट त्या उपचारात अजून वापरले जाते. मोठ्यांच्या अनेक कर्करोगांबाबत मात्र दिलेली आशा फोल ठरली. गंमत अशी, की औषधांसाठी मागितलेल्या सरकारी पैशाचा मोठा वाटा मूलभूत प्रयोगशाळांकडेही वळला. त्यांपैकी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत बिशप आणि व्हार्मस यांनी 1976 मध्ये दाखवले, की कर्करोग घडवणाऱ्या जनुकाचे मूळ निरोगी पेशीतच असते. ज्यासाठी थांबू नका असे फार्बर सांगत होते, ते हेच ज्ञान.